दोन सुतांची थाप

इंदूताई लोणकरांनी पहिल्या भेटीत मला ना नाव विचारलं, ना गाव. कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीची आरती नुकतीच संपली होती. माझ्या तळहातावर खिरापत होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या पन्नाशीच्या, उंच, काळ्या काठाची पांढरी साडी नेसलेल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही शिसं ओळखता ना?"

मी सरकारी धातू-तपासणीच्या प्रयोगशाळेत होतो आणि नागपूरहून बदली होऊन येऊन मला जेमतेम महिना झाला होता. ही बातमी त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवली कोण जाणे. ओळखतो म्हणालो.

"मग उद्या साडेचारला घरी या. चहा खायला."

चहा खायला. इंदूताईंचा जन्म कलकत्त्याचा, वडिलांची अख्खी नोकरी गंगाकाठच्या एका तागाच्या गिरणीत गेलेली. त्यांचं मराठी शुद्ध होतं, पण त्यात मधूनच बंगाली डोकावायचं. त्या चहा खात, पाणी खात, आणि दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसताच त्यांनी विचारलं, "तुम्ही सिगारेट खाता?" मी म्हणालो, "खात नाही आणि ओढतही नाही." त्यावर त्या समाधानाने म्हणाल्या, "बरं झालं. घरात दारू आहे."

मी चमकलो. ती बंदुकीची दारू निघाली.

इंदूताई मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. विद्यार्थिनी त्यांना इंदुदी म्हणत आणि घाबरत. त्यांच्या पर्समध्ये रुमाल, ट्रामचा पास आणि व्हर्निअर कॅलिपर एवढ्याच वस्तू कायम असत. साध्या कागदाची जाडीसुद्धा मोजता येईल असं ते माप त्या कुठेही काढत. मंडळाच्या मोदकांवरून दोन गृहिणींत वाद झाला, तेव्हा इंदूताईंनी एकवीसच्या एकवीस मोदक मोजले आणि दोघींचेही अंदाज चुकले असल्याचं जाहीर केलं. दोघी त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हत्या. आपापसात मात्र त्यांचं जुळलं. कोणी "अंदाजे" हा शब्द वापरला की इंदूताईंचा चष्मा वर जाई. "अंदाजे म्हणजे नक्की किती?" लग्न का केलं नाही, असं एका आगाऊ बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी पर्सवर हात ठेवून उत्तर दिलं, "मापाचा मिळाला नाही."

तर बंदूक. ती त्यांनी कपाटामागून काढली तेव्हा मला आधी छत्रीच वाटली, इतकी ती सडपातळ होती. ठासणीची रायफल. म्हणजे काडतूस नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग शिशाची गोळी गजाने ठासत तळाशी न्यायची, मागच्या बाजूला ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. नळीचं भोक एवढंसं, की माझ्या करंगळीचं नखच काय ते आत गेलं. वडिलांनी ती एका साहेबाच्या सामानाच्या लिलावातून उचलली होती. परवाना वडिलांच्या पश्चात इंदूताईंच्या नावावर झाला होता.

"बाबा दर रविवारी एक गोष्ट सांगायचे," त्या म्हणाल्या. "बराकपूरला त्यांनी या बंदुकीने दोनशे पावलांवरचं मडकं फोडलं. तिसऱ्या बाराला. साध्या गोल गोळीने नाही. गोल गोळी पन्नास पावलांपुढे भरकटते. निमुळत्या गोळीने. टोकाला बारीक, बुडाला सपाट, करंगळीच्या पेराएवढी लांब."

"मग त्या गोळ्या कुठे आहेत?"

"पेटीत गोल गोळ्या आहेत, गोल गोळ्यांचा साचा आहे. निमुळत्या संपल्या असणार."

हे 'असणार' त्यांच्या तोंडी मला जरा नवीन वाटलं.

गोष्ट इतकी वर्षं घरातच राहिली असती. पण इंदूताई बराकपूरच्या बाजूच्या एका रायफल क्लबात महिन्यातून एकदा जात, आणि तिथे चहाच्या वेळी त्यांनी ती सांगितली. क्लबाचे चिटणीस मेजर घोषाल निवृत्त होऊनही कडक होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, रुमालालासुद्धा खळ. चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, सगळ्यांचे कपडे मळले तरी त्यांच्यावर डाग दिसत नसे. त्यांनी बंदूक हातात घेतली, नळीत डोकावले आणि इंग्रजीत म्हणाले, "मिस लोणकर, ही गोल गोळीची बंदूक आहे. हिच्यातून लांब गोळी सरळ जाणार नाही. तुमचे वडील गोष्टी छान सांगत असतील."

"माझे वडील इंजिनिअर होते."

"इंजिनिअरही गोष्टी सांगतात."

तिथेच करार झाला. दोनशे पावलं, निमुळती गोळी, पाच बार. मडक्याला गोळी लागली, तर मेजर सगळ्यांसमोर ती बंदूक स्वतःच्या हातांनी धुणार. काळ्या दारूची बंदूक गरम पाण्याने धुतात, आणि त्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. नाही लागली, तर इंदूताईंनी क्लबाच्या चहाला उभं राहून सांगायचं, की माझ्या वडिलांनी थाप मारली होती. इंदूताईंनी तिथल्या तिथे हो म्हटलं. नंतर मला म्हणाल्या, "ढवळे, मला जरा भीती करते आहे." भीती 'करणं' हेही बंगालीच, पण ती करत होती हे खरं.

मग शोध सुरू झाला. धरमतल्याच्या एका जुन्या बंदुकांच्या दुकानात मी त्यांच्यासोबत गेलो. म्हाताऱ्या मालकांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढून फुंकर मारली. आत निमुळत्या गोळ्या होत्या, शिसं पांढुरकं पडलेलं.

"जुन्या पिस्तुलाच्या आहेत, दीदी. थोड्या जाड होतील."

"थोड्या म्हणजे नक्की किती?" कॅलिपर बाहेर आला. माप निघालं. गोळी नळीत गेलीच नसती.

"मग नळी थोडी रुंद करून घेऊ," मालक म्हणाले. "नाहीतर दुसरी बंदूक दाखवतो. हल्लीची."

"बूट होत नाही म्हणून तुम्ही पाय तासता का?"

मालकांनी डबा बंद केला. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्याकडे लोक बंदुकीला गिऱ्हाईक शोधायला आले, बंदूक शोधायला आले. बंदुकीला गोळी शोधायला तुम्हीच." त्यांनी आम्हाला चहा पाजला. इंदूताईंनी तो खाल्ला.

गोळ्या विकत मिळत नाहीत म्हटल्यावर ओतायच्या ठरल्या. शिसं आणायचं कुठून? आधी त्यांनी एका छापखान्यातून अक्षरांचे मोडके खिळे आणले. मी प्रयोगशाळेत पाहून सांगितलं की हे फार कडक आहे. नळीच्या आत पीळ दिलेले आटे असतात. गोळी मऊ असेल तरच त्यांत रुतते आणि भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते. इंदूताईंनी खिळे परत केले. मग एक दिवस मंडळाचे चिटणीस सबनीस, जे खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते, माझ्याकडे कपाळावर आठ्या घालून आले. "ढवळे, या बाईंना कस्टमची सिलं कशाला हवीत?" परदेशी मालाच्या पेट्यांवर शिशाच्या लहान चकत्यांची सिलं असत, आणि पेटी उघडली की ती तोडून केरात जात. शिसं शुद्ध, लोण्यासारखं मऊ. इंदूताईंनी सबनिसांना सांगितलं होतं, की शाळेच्या प्रयोगाला हवीत. सबनीस भित्रा माणूस. तरी त्यांनी गोदीतल्या झाडूवाल्याला सांगून दोन पिशव्या जमवल्या, कारण त्यांची मुलगी इंदूताईंच्या वर्गात होती आणि परीक्षा तोंडावर आली होती.

साच्यासाठी हावड्याला जावं लागलं. तिथल्या एका बोळात निताई नावाचा मिस्त्री लेथवर पितळेचं बारीक काम करायचा. दिवस वाईट होते. शहरात रोज कुठेतरी बॉम्ब फुटत, पोरं भिंतींवर घोषणा लिहीत, आणि हावड्याच्या कारखान्यांत गावठी बंदुका बनतात म्हणून पोलीस दारोदार हिंडत. इंदूताईंनी गोळीचं चित्र पुढे ठेवताच निताईने उठून दार लावलं.

"दीदी, तुम्ही कुठल्या पार्टीच्या?"

"मी फिजिक्सची," इंदूताई म्हणाल्या. निताईचा चेहरा काही सैल होईना. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "हा ओळंब्याचा साचा आहे. गवंडी भिंत सरळ बघायला दोरीला बांधतो, तो ओळंबा. लहान मुलींसाठी, म्हणून लहान."

निताईने चित्राकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी गवंड्यासारखं दिसण्याचा प्रयत्न केला. आठवड्याने साचा तयार झाला, आरशासारखा गुळगुळीत. आणि निताईने कामात जीव ओतून प्रत्येक ओळंब्याच्या बुडाला दोरी ओवायला एक नाजूक कडीही ठेवली होती. ती इंदूताईंनी कानशीने घासून काढली, चाळीस वेळा.

हे चाळीस ओळंबे शाळेच्या प्रयोगशाळेत टेबलावर वाळत घातल्यासारखे ओळीने मांडलेले असताना ठाण्याचे बडोबाबू आले. म्हणजे मुख्य अधिकारी. ते आले होते वेगळ्याच कामाला: घरांतून बंदुका पळवल्या जाताहेत, तेव्हा भागातल्या सगळ्या परवानाधारकांनी महिनाअखेर आपली हत्यारं ठाण्यात जमा करावीत, असा हुकूम होता. तो सांगता सांगता त्यांची नजर टेबलावर गेली.

"हे काय आहे?"

"गोळ्या," इंदूताई म्हणाल्या. "माझ्या बंदुकीच्या. मी ओतल्या."

पुढचं मला इंदूताईंनीच सांगितलं. बडोबाबूंना हे उत्तर पटेना. एक मास्तरीणबाई, पदर खोचलेला, मागे फळ्यावर गुरुत्वमध्याची आकृती. ते हसले आणि म्हणाले, "दीदी, चेष्टा नको. खरं सांगा." इंदूताईंनी परवाना दाखवला, त्यात दारू आणि टोप्या लिहिल्या आहेत हे दाखवलं, शिशाबद्दल कायदा गप्प आहे असं आपलं मतही सांगितलं. बडोबाबू अधिकच हसले. शेवटी इंदूताई कंटाळून म्हणाल्या, "बरं, ओळंबे आहेत." बडोबाबू म्हणाले, "हे आधीच सांगायचं ना." मग त्यांना बसवून इंदूताईंनी गुरुत्वमध्यावर पाऊण तास शिकवलं. जाताना बडोबाबूंनी रुमालाने मान पुसली. मात्र महिनाअखेरची तारीख त्यांनी दोनदा बजावली.

म्हणजे हातात रविवार दोनच उरले.

पहिल्या रविवारी मेजरना न कळवता, क्लबातल्या हवालदाराला विश्वासात घेऊन, आम्ही चांदमारीवर गेलो. शंभर पावलांवर कागदाचा मोठा तक्ता लावला. इंदूताई तिपाईवर बसल्या, वाळूच्या पोत्यावर नळी टेकवली. मेण आणि वनस्पती तूप लावलेली गोळी त्यांनी गजाने ठासली, टोपी चढवली, श्वास सोडला आणि चाप ओढला. धूर एवढा झाला की काही क्षण त्या मला दिसेनाशा झाल्या. दहा बार काढले. सहा गोळ्या तक्त्याला लागल्याच नाहीत. ज्या चार लागल्या, त्यांची भोकं गोल नव्हती. लांबोडकी होती, अगदी गोळी आडवी झोपवून कागदावर दाबावी तशी. गोळी हवेत कोलांट्या खात गेली होती.

इंदूताईंनी चारही भोकं मोजली आणि वहीत लिहिली. मग गजाला कापडाची घट्ट चिंधी गुंडाळून तो नळीत घातला, गजाच्या वरच्या टोकाला कागदाचं निशाण चिकटवलं आणि गज सावकाश आत ढकलला. आट्यांबरोबर गज वळत गेला तसं निशाण वळत गेलं. गज तळाला टेकला तरी निशाणाचा फेरा पुरा झाला नव्हता. पाऊण फेराच.

"आटे फार संथ आहेत," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांब गोळीला दुप्पट गरगर लागेल. हे मी आधी मोजायला हवं होतं."

"मग का नाही मोजलंत?"

त्यांनी गजावरचं निशाण सोलून काढलं. जगातली प्रत्येक गोष्ट मोजणाऱ्या बाईंनी एवढी एकच गोष्ट मोजायची टाळली होती.

बराकपूरहून सियालदहाला येणाऱ्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. बंदूक चादरीत गुंडाळून मांडीवर आडवी. टीटागढ गेलं, सोदपूर गेलं. मग म्हणाल्या, "बाबा खोटं बोलले."

मी काही तरी समजुतीचं बोलणार होतो, की आठवणीत लांबी थोडी वाढली असेल वगैरे. पण त्यांनी कॅलिपर काढला होता आणि एक ओळंबा त्याच्या चिमटीत धरला होता. तोंडाने काही पुटपुटत त्या वहीत भागाकार करत होत्या. दमदम येईतो त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. अशी खट्याळ नजर मी शाळेत असताना शेवटच्या बाकावरच्या मुलांची पाहिली होती.

"फार नाही बोलले," त्या म्हणाल्या. "दोन सूत. पाव इंच."

"काय दोन सूत?"

"पाच सुतांची गोळी फिरणार नाही. तीन सुतांची फिरेल. जेवढी जाड, तेवढीच लांब. थाप दोन सुतांची आहे, ढवळे. कानशीने निघेल."

"पण करार?"

"दोनशे पावलं, निमुळती गोळी, पाच बार. लांबीबद्दल करारात काही नाही. मेजरांनी विचारायला हवं होतं, नक्की किती."

पुढच्या रविवारी क्लब भरला होता. इंदूताईंनी डबी उघडली आणि मेजर घोषाल पुढे झुकले. आत सुपारीच्या खांडासारख्या बुटक्या, टोकाला निमुळत्या गोळ्या होत्या.

"ही गोळी आहे?"

"निमुळती आहे की नाही?"

"आहे, पण..."

"मग पाण्याचं आधण ठेवायला सांगा," इंदूताई म्हणाल्या.

दोनशे पावलांवरचं मडकं लिंबाएवढं दिसत होतं. पहिला बार कमी पडला, मडक्याच्या अलीकडे माती उडाली. दुसरा डावीकडे. तिसऱ्या बाराच्या आधी त्यांनी जरा जास्त वेळ घेतला. मी टाचा उंचावल्या, कारण वडिलांचा तिसराच लागला होता. तोही गेला, कुठे गेला ते दिसलंही नाही. चौथ्याने मागच्या बांधावरची माती उडवली. मेजरांनी घड्याळ पाहिलं. पाचव्या बाराचा धूर विरला, तेव्हा मडकं जागच्या जागी होतं, अख्खं, लिंबाएवढं.

मेजर माणूस वाईट नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले, "मिस लोणकर, आपण चहाचं राहू देऊ. मला तुमच्याकडून तसं काही वदवून घ्यायचं नाही."

"का?" इंदूताई उठल्या. "आपण मोजलं कुठे आहे अजून?"

त्या मडक्याकडे चालू लागल्या. सगळा क्लब मागे. दोनशे पावलं एवढी लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. जवळ गेल्यावर त्या थांबल्या आणि चष्मा पुसू लागल्या. मडक्याच्या पोटावर, जरा उजवीकडे, एक छोटंसं गोल भोक होतं. मागच्या बाजूला दुसरं. रिकामं मडकं फुटलं नव्हतं. गोळी शिवणकाम केल्यासारखी आरपार गेली होती.

इंदूताईंनी भोकाला कॅलिपर लावला. उभं मोजलं, आडवं मोजलं.

"गोल," त्या मेजरना म्हणाल्या. "अंदाजे नाही. गोल."

मेजर घोषालांनी शब्द पाळला. बाह्या दुमडून, बादलीत नळी उभी करून, गरम पाण्याचं एक एक भांडं ओतत, गजाने ते बंदूक धूत होते. काळं, कुबट पाणी पांढऱ्या बुटांवर उडत होतं. इंदूताई शेजारी उभ्या राहून सूचना करत होत्या. तिसऱ्या बादलीला मेजरनी विचारलं, "अजून किती?" आणि लगेच त्यांना आपली चूक कळली, कारण इंदूताईंनी आकडा सांगितला.

बुधवारी त्या बंदूक घेऊन ठाण्यात गेल्या.

पुढे कित्येकदा मंडळात कोणीतरी त्यांना मडक्याची गोष्ट सांगायला लावी. त्या सांगत, ती वडिलांची. दोनशे पावलं, पेराएवढी गोळी, तिसरा बार. आपल्या पाच बारांचं नावही काढत नसत. एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांनी सांगितलेली गोष्ट आहे. त्यात मी कशाला येऊ?" आणि मग, कोणी ऐकत नाही असं पाहून, "होऊ शकतं, हे आता ठरलं आहे. बाकी दोन सूत मी सोडून दिली."

पाच वर्षांनी माझी बदली परत नागपूरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला घरी गेलो, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, महिन्याचा पहिला शनिवार आहे, ठाण्यात असतील. बंदूक अजून तिथेच जमा होती आणि इंदूताई महिन्यातून एकदा ती तपासायला जात, हे मला ठाऊक नव्हतं.

ठाण्याच्या मोठ्या खोलीत, खुद्द बडोबाबूंच्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या. टेबलावरच्या फायली बाजूला सारून वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर बंदूक सुटी करून मांडली होती. मला पाहून त्यांनी मान हलवली. "पोचलात की पत्र टाका," म्हणाल्या, "आणि तिथलं पाणी उकळून खा." मग त्यांनी नळीतून गज बाहेर ओढला. चिंधीवर गंजाचा तांबूस डाग होता. त्यांनी ती चिंधी बडोबाबूंच्या नाकासमोर धरली आणि विचारलं, "हे काय आहे?"

दारातून मी वळून पाहिलं. बडोबाबू दोन्ही हात मागे बांधून उभे होते आणि उत्तर आठवायचा प्रयत्न करत होते.